एकास चोवीस

पायरी पहिली. सुटे भाग चौकटीतून कापून घ्या. ओढून तोडू नका.

धाकट्याने ओढून तोडले.

एरवी तो असं करणारा नव्हता. दिवसभर दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या घडवायच्या आणि घरी आल्यावर छोट्या मोटारी जोडायच्या, यातच त्याचा जन्म गेलेला. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची मोटार: आरसा नखाएवढा, स्टिअरिंग शर्टाच्या बटणाएवढं. सांधे घासायचे, रंगाचे पातळ हात द्यायचे, सीटवर शिवण काढायची. ताई म्हणायची, "लोकांच्या तोंडात हात घालून कमावतोस आणि खेळण्यांत घालवतोस. कवळीसम्राट."

ताई गेल्यावर हे नाव भावोजींनी उचललं. तिच्या बाकीच्या वस्तूंसारखंच.

"कवळीसम्राट, एक काम कर," ते म्हणाले होते. "आपली ती पांढरी गाडी बनव. शोकेसमध्ये हिच्या फोटोशेजारी ठेवू. आणि हिलाही आत बसव. स्टिअरिंगवर."

"स्टिअरिंगवर?"

"मग कुठे, डिकीत? तीच चालवत होती ना."

आई तिथेच होती. म्हणाली, "दे करून. झाली माझ्या पोरीची चूक. आता उगाळून काय मिळणार?"

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच बिऱ्हाड करून राहिली. जी ताई सायकलवाल्यालासुद्धा थांबून वाट द्यायची, तिने म्हणे भरधाव गाडी कालव्यात घातली. आणि जे भावोजी गाडी धुवायला देतानाही किल्ली हातात ठेवायचे, ते म्हणे शेजारी बसून होते. ते पोहून वर आले. ती आली नाही. पाण्यात माणूस कुठल्या कुठे सरकतं. कोण कुठे बसलं होतं, ते वाचलेला सांगेल तेच खरं. धाकटा बघायला पोचेपर्यंत गाडी भंगारात गेली होती. भावोजींना फार घाई होती तिची.

तरी तो हो म्हणाला. नाहीतर दुसऱ्या कुणाच्या तरी हातांनी ताईला तिथे बसवलं असतं.

पायरी नववी. चालकाची आकृती बसवा.

खोक्यातली आकृती त्याने फेकून दिली. दाताच्या मेणातून ताई कोरली. खांदे जरा पुढे झुकलेले, हात स्टिअरिंगच्या मापाने वळलेले. एक करंगळी वाकडी. लहानपणी मोडली होती आणि वाकडीच जुळली. ती करायला त्याला अख्खा रविवार लागला. मग त्याने तिला चालकाच्या सीटवर चिकटवलं आणि मनातल्या मनात भावोजींना अशा शिव्या दिल्या की मेणही वितळावं.

तेवढ्यात त्यांचाच फोन.

"झाली का रे? या रविवारी पाहुणे येतायत. बोलणी करायला."

"कसली बोलणी?"

"अरे, जन्म का एकट्याने काढायचा? तुझ्या आईलाही बोलावलंय. सासूच हजर असली की लोकांची तोंडं बंद राहतात. आणि शोकेसमध्ये गाडी दिसली म्हणजे बरं. माणूस हळवा आहे, हे न सांगता कळतं."

धाकट्याने फोन ठेवला. आणि पहिल्या दिवसाचा शिकाऊसुद्धा करणार नाही ती चूक त्याने केली. आरसा सुपरग्लूने चिकटवला आणि धूळ बसू नये म्हणून गाडीवर लगेच डबा पालथा घातला. सुपरग्लू कोंडला की वाफ धरतो. ती वाफ काचांवर पांढरी साय होऊन बसते, आणि जिथे कुणाचं बोट लागलं असेल तिथे सगळ्यात आधी.

दुपारी डबा उचलला, तेव्हा काचा दुधाळ झाल्या होत्या. चालकाशेजारच्या सीटच्या खिडकीवर दोन ठसे होते.

त्याने भिंग घेतलं. हात होते. पंजे वाटाण्याएवढे, बोटं केसासारखी. काचेला आतून टेकलेले. एकाची करंगळी वाकडी.

तो हातमोजे घालून काम करायचा. आणि हातमोजे नसते तरी एवढा हात आणायचा कुठून?

चालकाच्या सीटवर मेणाची ताई समोर बघत बसली होती.

पायरी नववी. (पुन्हा.) काच खराब झाल्यास नवी कापून बसवा.

त्याने नवी काच कापली, साध्या पांढऱ्या गोंदाने बसवली आणि डबा बाजूला ठेवला. सुपरग्लू चक्क कचऱ्यात टाकला. आंघोळ करून आला, तर हात परत आले होते. त्याने कवळीचं माप घ्यायचं कॅलिपर लावलं. आधीच्या दुप्पट. आता खिडकीत जेमतेम मावत होते.

त्याने काच पुसली नाही. खोक्यात कापूस भरला आणि रविवारी गाडी घेऊन गेला.

"वा," भावोजी म्हणाले. "हुबेहूब. पण काच कळकट का ठेवलीस?" त्यांनी रुमालाने पुसली. परत पुसली.

"आतून आहे, भावोजी."

"आतून कशी असेल?" त्यांनी गाडी डोळ्यांजवळ नेली. रुमाल खाली पडला. "ती काच अडकायचीच. शंभरदा सांगितलं होतं हिला, तुझ्या बाजूचं बटण जोरात—"

थांबले.

आई कप मांडत होती. तिने हातातला कप खाली ठेवला.

"कुठल्या बाजूचं, जावईबापू?"

"बाजूचं म्हणजे... गाडीचं. एकंदरीत."

"ती स्टिअरिंगवर होती ना?"

"तुम्ही पण ना, आई, शब्दात पकडता." त्यांनी गाडी शोकेसमध्ये ठेवली, काचेचं दार लावलं. "पाहुण्यांना घेऊन येतो. स्टेशनवर उभे असतील." किल्ली घेतली आणि निघाले. चप्पल जिन्यातच पायात सरकवली.

धाकटा खिडकीशी गेला.

खाली भावोजींची नवी गाडी रखरखीत उन्हात उभी होती. काचा आतून दुधाळ होत्या.

चालकाशेजारच्या सीटच्या खिडकीवर दोन हात होते. मोठ्या माणसाचे. आता माप घ्यायची गरज नव्हती. एकास एक.

भावोजी दुसऱ्या बाजूने आले, घाईत, फोनवर बोलत. चालकाचं दार उघडलं. हाक मारण्याएवढा वेळ होता.

आई शेजारी येऊन उभी राहिली. तिनेही खाली बघितलं. करंगळी ओळखायला तिला भिंग लागलं नाही.

"हाक मारू?" धाकट्याने विचारलं.

आईने खिडकी लावून घेतली.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. धाकटा वळला. शोकेसमधल्या गाडीच्या काचा लख्ख झाल्या होत्या.

चालकाची सीट रिकामी होती. ताई शेजारच्या सीटवर बसली होती, त्या दिवशी खरोखर होती तिथेच.

बाहेर गाडी कोपऱ्यावर वळली. त्याने घट्ट चिकटवलेलं ते बटणाएवढं स्टिअरिंगही वळलं.

त्यावर शेजारच्या सीटवरून लांबलेला, वाकड्या करंगळीचा एक हात होता.