चंद्रोदयाआधीचं जेवण

चंद्रोदयाला अजून बराच अवकाश होता, आणि शुभांगीबाई जेवून हात धुऊन मोकळ्या झाल्या होत्या. तेही संकष्टीला! उदयराव उपळेकर स्वयंपाकघराच्या दारात नुसते बघत उभे राहिले. मुलगा पोटात होता तेव्हापासून या बाईने चतुर्थीला चंद्र बघितल्याशिवाय घास तोंडात घातला नव्हता, आणि तो चंद्रावर राहायला गेल्यापासून तर पाणीसुद्धा नाही.

होय, चंद्रावर. तिथल्या दक्षिण टोकाशी बर्फ उपसण्याचं एक केंद्र होतं, त्यात निनाद तंत्रज्ञ होता. सांगलीत आता याचं कुणाला अप्रूप उरलं नव्हतं. पूर्वी पोरं बंगळूरला जायची, तशी हल्ली तिकडे जात. शुभांगीबाईंच्या उपासाला मात्र त्यामुळे वेगळाच अर्थ आला होता. "गणपतीला हात जोडायचे आणि पोराकडे बघायचं," त्या हसून म्हणायच्या, "एकाच नमस्कारात दोघं उरकतात."

"शुभा, अगं चतुर्थी आहे आज."

"हो का? लक्षातच नाही आलं. गजर झाला, जेवले." त्या शांतपणे ओटा पुसत होत्या. "तुमचं पान वाढू का?"

उदयराव चिडले. खरं तर घाबरले होते, पण घाबरलं की चिडायचं ही त्यांची जुनी खोड.

हे सगळं जिच्यापायी झालं, ती वस्तू शुभांगीबाईंच्या पोटात होती, मोहरीच्या दाण्याएवढी. तिला तृप्तीकडी म्हणत. सत्तरीच्या पुढच्या लठ्ठ माणसांचं काय करायचं, हा डॉक्टरांपुढचा जुना पेच होता. जठर कापून लहान करावं, तर या वयात भूल झेपेलच असं नाही, जखमा लवकर भरत नाहीत, आणि चरबीबरोबर स्नायूही झडले की माणूस अंथरूण धरतो. तृप्तीकडीत तशी मोठी कापाकापी नव्हती. जठराकडून मेंदूकडे एक मज्जातंतू जातो. पोट रिकामं झालं, की जे निरोप मेंदूला पोचतात आणि आपल्याला भूक लागते, त्यांची ही मुख्य वाट. तिथे ही कडी बसवली, की ती मेंदूला सतत एकच सांगत राहते: जेवण झालं. भूक म्हणून लागतच नाही. मग गजर झाला की मोजकं, स्नायू टिकवणारं अन्न खायचं, एवढंच काम उरतं.

शुभांगीबाईंनी ती बसवून घेतली ती गच्चीसाठी. वजनाने गुडघे गेले होते आणि जिना चढवत नव्हता. खालच्या खिडकीतून चंद्र दिसायचा तो समोरची इमारत ओलांडून आल्यावर. "मला वर जायचंय. माझ्या पोराचं घर मला नीट बघायचंय," असा हट्ट त्यांनीच धरला होता. आता वजन उतरलं होतं, गुडघे वळत होते. त्या रोज गच्चीवर जात, पापड वाळत घालायला. चंद्राकडे त्यांचं लक्षही जात नसे.

दुसऱ्या दिवशी उदयराव त्यांना घेऊन डॉक्टर तनया मिरजकरांकडे गेले. कडी बसवली होती ती यांनीच.

"काका, काकूंचे रिपोर्ट इतके छान आहेत..."

"काय ओ डॉक्टर, भूक काढा म्हटलं होतं. तुम्ही तर माझी बायकोच काढून नेलीत की."

डॉक्टर हसल्या, पण उदयरावांचा चेहरा बघून थांबल्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी शुभांगीबाईंकडे खुर्ची वळवली. "काकू, निनादची आठवण येते?"

"येते की. गुणी मुलगा आहे."

"त्याला भेटावंसं वाटतं?"

शुभांगीबाईंनी मनापासून विचार केला. "भेटला तर चांगलंच आहे. नाही भेटला तरी काही अडत नाही."

डॉक्टरांनी शुभांगीबाईंच्या उपासांची जुनी नोंद काढून पाहिली. मग म्हणाल्या, "काका, काकू सोमवार कुणासाठी धरायच्या?"

"माझ्यासाठी."

"आणि चतुर्थी?"

"निनादसाठी. तो पोटात होता तेव्हापासून."

"मेंदूत ज्या दोन गोष्टी वर्षानुवर्षं बरोबरच जाग्या होतात, त्यांच्या वाटा हळूहळू एक होतात. काकूंना भूक लागली की तुम्ही आठवायचात, निनाद आठवायचा. आयुष्यभर हेच. ज्या परदेशी लोकांवर कडीच्या चाचण्या झाल्या, त्यांची भूक नुसती जेवणाची होती. इथे मी भुकेची वाट बंद केली आणि त्याच वाटेने येणारी माणसांची ओढही थांबली." त्यांचा आवाज खाली आला. "उपास करता का, हे मी ऑपरेशनआधी विचारलं होतं हो. इतके उपास ऐकून मला आनंदच झाला. म्हटलं, उपाशी राहायची सवय आहे, यांना सोपं जाईल. चुकलंच माझं."

"मग काढा ती कडी."

"काढता येते. अवघडही नाही. पण सत्तरीनंतर असली शस्त्रक्रिया घरच्यांच्या सांगण्यावरून करता येत नाही. मुलं म्हाताऱ्यांवर बळजबरी करायला लागली, म्हणून कायदा झाला. माणसाने स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं, मला हे हवंय."

उदयराव बायकोकडे वळले. "शुभा, म्हण की."

"काय म्हणू?"

"हवंय म्हण."

"पण मला काहीच नकोय हो." किती मायेने म्हणाल्या त्या! "डॉक्टरांपुढे खोटं कशाला बोलू?"

"माझ्यासाठी म्हण गं."

त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं सोमवारी उपाशी राहिलेल्या बाईने त्यांच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही उगाच जिवाला लावून घेताय."

इच्छा परत आणायची, तर त्यासाठी आधी इच्छाच हवी होती. कायदा करणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केला होता, एवढा सोडून.

पुढच्या संकष्टीला उदयरावांनी स्वतः उपास धरला, जन्मात पहिल्यांदा. दुपारपासूनच त्यांचा जीव कासावीस झाला. संध्याकाळी गच्चीवर जाऊन त्यांनी निनादला फोन लावला. तिकडचं बोलणं इकडे यायला क्षणभर वेळ लागतो, त्या अंतराची त्यांना सवय होती. त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तू ये बाबा. तू समोर दिसलास तर काहीतरी हलेल तिच्यात."

या वेळी उत्तराला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"बाबा, खरं सांगू? आई प्रत्येक फोनला रडायची. मग मला दिवसभर काम सुचायचं नाही. आता किती छान बोलते, हसते. मी इथला करार वाढवून घेतलाय. आधी हिंमतच होत नव्हती."

"वाढवलास?"

"राहू दे ना तिला तशीच. सुखात आहे ती." मग अगदी प्रेमाने, वडिलांच्या काळजीने तो म्हणाला, "तुम्हीपण बसवून घ्या ना, बाबा. इथे बऱ्याच जणांनी आईवडिलांना बसवलीय. वजन बेताचं असलं तरी बसवतात आता."

"बाबा? ऐकू येतंय ना?" असं निनाद विचारत राहिला. उदयरावांनी फोन बंद केला.

पाण्याच्या टाकीमागून चंद्र वर आला. शुभांगीबाई कठड्याला हातही न लावता जिना चढून आल्या. ताटात मोदक होते, त्यावर तूप. स्वतःला खायची ओढ नसताना केलेले, पण नेहमीसारखेच सुबक.

"अहो, दिसला की चंद्र. जेवा आता."

उदयरावांनी ताट घेतलं आणि कठड्यावर ठेवलं. पोटात भुकेचा आगडोंब उसळला होता, आणि समोर हातभर अंतरावर उभ्या असलेल्या बायकोची त्यांना इतकी आठवण येत होती की डोळे भरून आले. एवढं सगळं ही बाई आयुष्यभर पोटात घेऊन वावरत होती, आणि आपण तिला नुसतं 'जेव गं लवकर' म्हणत राहिलो! मोदकांचा वास येत होता. त्यांनी हात पुढे केला नाही.

शुभांगीबाईंनी चंद्राकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्यांना खरंच काही उमजत नव्हतं.

"चंद्र तर आला," त्या म्हणाल्या. "मग आता कुणासाठी थांबलाय?"