कागदावरची बबिता

पालमहून गंगाखेडला जाणारी आमची बस उसाच्या उलटलेल्या ट्रॉलीमागे अडकली, म्हणून तो भेटला. नाहीतर मी कशाला कुणाकडे बघते! माझा राग तसाही कायम नाकावर. कंडक्टरनं तंबाखू मळायला घेतली, बायाबापड्या खाली उतरल्या, आणि मी स्वेटरच्या बाह्या ओढत रस्त्याच्या कडेला उभी राहिले. हवेत कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास. तेवढ्यात माझ्यासमोर उसाचं एक कांडं आलं, आणि त्याच्यामागून एक हसरा चेहरा.

"घ्या. बस काय एवढ्यात निघत न्हाई."

"चोरीचा ऊस खात न्हाई मी."

"पडलेला हाय, चोरलेला न्हाई. दोन्हीत लय फरक हाय."

"वकील का काय तुमी?"

"त्याच्या जवळपास. टॅक्स सल्लागार. गंगाखेडात बोर्ड हाय आपला. सुगत म्हणतात मला."

"त्याला परीक्षा असती का काही?"

"बोर्ड रंगवणाऱ्याला असती. अक्षर सुबक लागतं."

मला हसायचं नव्हतं, पण हसले. दातांनी साल सोलता सोलता नाव सांगितलं, कोणाची तेही सांगितलं – बबिता, पालमच्या सिद्धोधन सरांची मुलगी. गंगाखेडला खासगी शाळेत शिकवते. त्याचा हात थांबला. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. एकदा… मग परत एकदा.

"काय बघायलाव?"

"न्हाई… तुमी चालता लय छान."

अगं बाई! डोळे सोडले, केस सोडले, आणि कौतुक कशाचं तर चालण्याचं! आठवडाभर मी चालताना स्वतःच्याच पायांकडे बघत होते.

पुढं काय व्हायचं ते झालं. माझी शाळा सुटली की तो स्टँडवर यायचा. पालमची बस लागली रे लागली की गर्दीच्या आधी धावत जाऊन खिडकीतून आपला रुमाल आत टाकायचा, माझ्यासाठी जागा धरायला. हात कधी धरला नाही त्यानं, जागा मात्र रोज धरली. मी तो रुमाल घडी करून परत द्यायची, त्याला रोज माझ्या पावडरीचा वास लागायचा, आणि तो तसाच खिशात ठेवायचा. धुवायचा नाही. मला कळायचं… आणि गालांवर ऊन आल्यासारखं व्हायचं.

उन्हाळा सरला आणि शिक्षकांच्या रिटर्नचे दिवस आले. मी त्याच्या दुकानात बसून बघायची. तो फोन लावायचा, "जय भीम सर. ओटीपी आला का? सांगा." पलीकडून आकडे यायचे. झालं काम! आत काय भरलंय, एकाही शहाण्यानं कधी विचारलं नाही. रिफंड आला की पेढे यायचे आणि सुगतचा वाटा. माझे पप्पाही त्यातलेच. 'सगळ्यांचं येतंय, आपलंच का सोडायचं?' म्हणायचे.

"एवढं परत येतं तरी कसं रे?" मी विचारलं.

"कायद्यात सवलती असतात. शोधाव्या लागतात."

"आणि नसली तर?"

"असतीच गं…" तो गालात हसला. मग हळूच म्हणाला, "धम्मचक्र दिन झाला की आईला घेऊन घरी येऊ का? मागणी घालायला?"

"ये. पण चालत येऊ नको. माझ्याएवढं छान जमत न्हाई तुला."

दोघंही खूप हसलो. शेवटचं तेच.

एका सकाळी मी अंगणात सडा टाकत होते आणि आयकर खात्याचे दोन साहेब दारात आले. "सिद्धोधन सरांचं घर ना? त्यांची मुलगी बबिता, तिला भेटायचंय. तिला उठवू नका, आम्हीच आत येतो."

"उठवायचं कशाला? मीच बबिता."

साहेबांनी माझ्या पायांकडे पाहिलं. एकदा… मग परत एकदा. ट्रॉलीपाशी सुगतनं पाहिलं होतं तसंच. माझ्या हातातली बादली सुटली.

पप्पांच्या रिटर्नमध्ये मी ऐंशी टक्के अपंग होते. अंथरुणाला खिळलेली, उपचार चालू. त्या सवलतीवर पप्पांना कर परत मिळाला होता. आईनं पदर तोंडाला लावला. पप्पा खुर्चीत बसले ते बसलेच. निवृत्ती तोंडावर आलेला माणूस, जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेलं.

"मला काय माहीत साहेब… मी फक्त ओटीपी सांगितला," एवढंच ते पुटपुटले.

"सर, सल्लागाराला कुणी विचारत नाही, आधी विचारतात तुम्हाला," साहेब म्हणाले. "कुणी भरून दिलं ते परभणीच्या कार्यालयात येऊन सांगा. नाहीतर जाणूनबुजून खोटी माहिती तुम्हीच दिली असं होईल. नोकरीवर येईल, पेन्शनवर येईल."

मी तसंच गंगाखेड गाठलं. सुगत दुकानात एकटाच होता.

"चालते छान म्हणाला होतास ना? म्हणून बघितलंस पायांकडं?"

त्यानं मान खाली घातली. "सरांचं आदल्या वर्षीचं रिटर्न मीच भरलेलं, म्हणून तेव्हा घाबरलो होतो. मग… मग खरंच आवडलीस. आईशपथ, बबे."

मला ते खोटं वाटलं नाही. खोटं वाटलं असतं तर किती बरं झालं असतं!

"कागदावरचं हाय गं," तो म्हणाला. "कागदावरचं कुणाला लागतंय? मोठे लोक दवाखान्याची कमाई शेतीची म्हणून दाखवतात. त्यांचा सल्लागार एसी गाडीत फिरतो. त्याला नियोजन म्हणतात, आन आमी केलं की चोरी?"

"त्यांची पण चोरीच. पण तू माझ्या बापाच्या हातानं मला अंथरुणावर टाकलंस, सुगत. विचारलंस तरी का त्यांना?"

"विचारलं असतं तर न्हाई म्हणले असते."

"मग चल माझ्यासंगं. साहेबाला हेच सांग."

"एक नाव निघालं की सगळी निघतील. जेलात जाईन मी!" त्याचे डोळे भरून आले. "फक्त माझं नाव नको घेऊ. सरांचा दंड मी भरतो. आपण लग्न करू… उद्या म्हणशील तर उद्या करू."

त्याच्या कपाळावर आलेले केस मागे सारावेत असं वाटलं मला. हात उचललासुद्धा… आणि पर्स घेऊन उठले.

"परभणीला ये. माझ्यासाठी ये," म्हणाले आणि निघाले.

जबाबाच्या दिवशी परभणीत सकाळपासून झड लागली होती. कार्यालयाच्या व्हरांड्यात पप्पा बाकावर बसले होते आणि मी गेटकडे बघत उभी. प्रत्येक छत्रीला जीव वर यायचा, प्रत्येक छत्रीखालून दुसराच कुणीतरी निघायचा. फोन लावला… बंद. मग आमचं नाव पुकारलं.

"सर, रिटर्न कुणी भरलं?" साहेबांनी विचारलं.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. पालम केवढंसं गाव! स्टँडवर माझी जागा कोण धरतो, ते त्यांना कधीच कळलेलं होतं.

"मीच भरलं," पप्पा म्हणाले.

ज्या माणसाला मोबाईलचं साधं रिचार्ज जमत नाही!

"विचार करून सांगा. नोकरी जाईल."

"मीच भरलं, साहेब. पोरीचं नाव पण मीच टाकलं." आवाज थरथरत होता, पण मान ताठ. माझा संसार वाचवायला माझा बाप चोर व्हायला निघाला होता.

"बास, पप्पा!" मी उभी राहिले. "साहेब, हे खोटं बोलायलेत. सुगतनं भरलं. गंगाखेडात दुकान हाय त्याचं. सगळ्यांचंच असं भरतो तो."

"बबे, नको," पप्पांनी माझा हात धरला.

साहेबांनी पेन थांबवलं. "तुमचं त्याच्याशी काही भांडण? उद्या तो म्हणेल, मुलगी सूडानं बोलते. तो कोण लागतो तुमचा?"

हे मी सुगतलासुद्धा कधी नीट बोलले नव्हते.

"माझं लय प्रेम हाय त्याच्यावर, साहेब. आत्ता, हे सांगताना पण हाय. लिहून घ्या."

साहेबांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी आधी पूर्ण वाचला, मग सही केली.