गलबताचं नवं शीड

"माझ्या बकरीचं नाव टाक," शेजारची सई म्हणाली. "पुतळी. म्हणजे कुणा माणसावर संशय यायलाच नको."

दर्शननं कीबोर्ड पुढे ओढला. एरवी तो पोट धरून हसला असता. पण तलासरीची योगिता त्याच्याशी बोलत नव्हती, आणि त्यात तिचं काही चुकतंय असं त्यालाही वाटत नव्हतं.

डहाणू रोड स्टेशनसमोर दर्शनच्या बाबांचं, मोहनकाकांचं, कॉम्प्युटर सेंटर होतं. १९९९ सालच्या त्या मे महिन्यात गावात इंटरनेट म्हणजे काय ते तिथेच. सगळ्यांचा ईमेलचा पत्ताही एकच, सेंटरचा. आलेली पत्रं मोहनकाका छापत, नाव बघत आणि कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीवर अडकवून ठेवत. ज्याचं त्यानं काढून न्यायचं. "दुसऱ्याचं पत्र इथे कुणी वाचत नाही," असं ते छातीठोकपणे सांगत. वाचत सगळेच होते.

इंटरनेटची पानं उघडायचा ब्राउझर तर घरचाच होता. दर्शनचा चुलतभाऊ, चिखल्याचा समर्थदादा, त्यानं तो बनवला होता. नाव 'गलबत'. एका कॉम्प्युटरवर दहा जण बसणार, म्हणून गलबत आधी विचारायचं, 'नाव सांगा', आणि प्रत्येकाची पानं वेगळी जपून ठेवायचं. दिवाळीनंतर एका परदेशी कंपनीनं ते विकत घेतलं. नाक्यावर अभिनंदनाचा फलक लागला, पेढे वाटले गेले. मग कंपनीची नवी सीडी आली. चिन्हावरचं शीड तेच, निळा रंग तोच. "आपल्या पोराचं आहे, त्यात तपासायचं काय?" असं म्हणत मोहनकाकांनी ती घातली आणि जिथे जिथे 'मान्य' दिसलं तिथे तिथे बटण दाबलं.

योगिताची आई, यमुनाबाई, तलासरीच्या, सुट्टीतही चालू असणाऱ्या एका वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. त्यांच्या दंडावर बधिर चट्टा उठला. डॉक्टर म्हणाले, कुष्ठरोगाची सुरुवात आहे, गोळ्यांनी पूर्ण बरा होईल, कुणाला लागणारही नाही, खुशाल कामावर जा. तरी योगिताला चैन पडेना. सुट्टीत मावशीकडे डहाणूला आल्यावर तिनं गलबतावर आपलं नाव टाकलं आणि त्या रोगाची पानं वाचली. अडलेल्या इंग्रजी शब्दांसाठी शेजारी दर्शन होता. "कुणाला सांगू नकोस हं," ती म्हणाली होती. त्यानं गळ्याची शपथ घेतली होती.

थोड्याच दिवसांत दोरीवर कागद लटकला. 'प्रिय योगिता, कुष्ठरोगावरचं आमचं औषध घरपोच मागवा.' वसतिगृहाचा कारकून स्वतःचं पत्र शोधत होता, त्यानं तो वाचला आणि योगिताच्या आईच्या दंडावरचा चट्टा त्याला आठवला. दुसऱ्या दिवसापासून मुलांनी यमुनाबाईंनी वाढलेली ताटं बाजूला सारली. मग वरिष्ठांनी त्यांना येऊच नका म्हणून सांगितलं.

"त्या औषधवाल्यांना कळलं कसं? तुझ्याशिवाय माहीत होतं कुणाला?" योगितानं विचारलं होतं. दर्शन फार दुखावला होता.

सईला मात्र नव्या गलबताचाच संशय होता. म्हणून आज बकरी! पुतळीच्या नावानं त्यांनी बर्फावरून घसरायच्या फळ्यांची पानं उघडली. डहाणूत बर्फ फक्त मासेवाल्यांकडे, तेव्हा या फळ्यांचं नाव काढणारं दुसरं कुणी असणंच शक्य नव्हतं. शेजारच्या कॉम्प्युटरवर दर्शननं जुन्या फ्लॉपीवरचं, विक्रीच्या आधीचं गलबत चढवलं आणि 'हिराबाई' या खोट्या नावानं तीच पानं पाहिली.

चार दिवस झाले, हिराबाईला काहीच आलं नाही. पुतळीला आलं! 'प्रिय पुतळी, तुमच्या मापाच्या फळ्या आमच्याकडे आहेत.'

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" सई म्हणाली आणि तो कागद घेऊन थेट योगिताच्या मावशीच्या घरी गेली. योगितानं तो वाचला. मग ती धावतच दर्शनकडे आली. तिला रडू आवरत नव्हतं.

रविवारी समर्थदादा मुंबईहून आला. मुलांनी पुतळीचं पत्र त्याच्यापुढे धरलं.

"नावं आणि पानं बाहेर जातायत, दादा," दर्शन म्हणाला.

"कंपनीवाले म्हणाले होते, काही बदलणार नाही."

"तू बघितलंस का?"

समर्थदादा खुर्चीत बसला. "नाही रे," तो हळूच म्हणाला. "काही बदलायच्या आधी ते मला विचारतील असं वाटलं."

त्याच दिवशी मोहनकाकांनी दोरी काढली आणि सगळीकडे जुनं गलबत चढवलं. समर्थदादा डॉक्टरांना घेऊन वसतिगृहात गेला. वरिष्ठांनी चूक कबूल केली, यमुनाबाईंना परत बोलावलं आणि दर्शन-सईची पाठ थोपटली. "मोठ्यांना जमलं नाही ते या पोरांनी केलं," असं मोहनकाका आल्यागेल्याला सांगू लागले.

यमुनाबाई मात्र गेल्या नाहीत. "ताटं सारताना मी त्यांची तोंडं पाहिली, भाऊ," त्या समर्थला म्हणाल्या. "याच पोरांना मी तापात पेज भरवली होती. आता पुन्हा वाढायला हात उचलणार नाही माझा." त्या सायवनला भावाकडे राहायला निघाल्या, आणि योगिताची शाळाही आता तिकडेच.

निघायच्या दिवशी योगिता सेंटरमध्ये आली. "बस ना," दर्शन म्हणाला. "हे जुनंच आहे. यातून काही बाहेर जात नाही, आम्ही तपासलंय."

"माहीत आहे," ती म्हणाली. पडद्यावर निळं शीड आलं. 'नाव सांगा.'

तिनं आपलं नाव लिहिलं. मग एकेक अक्षर पुसलं आणि लिहिलं, 'पुतळी'.