उजव्या कानातलं गाणं

हे घडलेलं आहे. कुणाला पटो न पटो.

ज्या बाईच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी थोरली बहीण. आम्ही तिला आक्का म्हणायचो, आणि पुढे कामावरही सगळ्या तिला आक्काच म्हणायला लागल्या. थापा मारायची तिला सवय नव्हती. त्याला जी हौस लागते तीच तिच्या अंगात नव्हती.

आमच्या धाकट्या भावाला जुळी झाली, ते वर्ष.

वार सोमवार. सकाळचे सव्वानऊ. जागा, एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरातली लाँड्री.

रात्र नव्हती. अंधारही नव्हता. डोक्यावर चोवीस ट्यूबलाइट जळत होत्या.

आक्का तिथे एकोणीस वर्षं चादरींच्या घड्या घालत होती. मोठी चादर एकटीने नीट घडी होत नाही. दोन बाया लागतात. दोघींनी दोन टोकं धरायची, झटकायची, चालत एकमेकींजवळ यायचं, एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची, खाली वाकून दुमड उचलायची आणि पुन्हा मागे जायचं. पुढे चार पावलं, मागे चार पावलं. दिवसाला तीनशे चादरी.

तिची जोडीदारीण होती चिमणी. अंगाने एवढीशी आणि तोंड दिवसभर चालू, म्हणून चिमणी.

धुण्याच्या ड्रमांचा तिथे असा आवाज की शेजारणीला काही सांगायचं तर तिच्या कानात ओरडावं लागे. बाकीच्या बाया कानात कापूस घालत. चिमणीने एक दिवस बिनतारेचे इअरफोन आणले. शेंगदाण्याएवढे दोन. त्या त्यांना दाणेच म्हणायच्या. डावा दाणा चिमणीच्या कानात, उजवा आक्काच्या. फोन चिमणीच्या खिशात.

चिमणीला नवीन गाणी शोधायचं वेड होतं. रेडिओवर लागतात ती नव्हेत. एका गाण्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, असं करत ती कुठल्या कुठे जायची. भाषा कळायची नाही, गाणारी कोण ते कळायचं नाही. तिला त्याचं काही नसे.

त्यांचा एक नेम होता. नवीन गाणं सोमवारी. आणि पहिल्यांदा पूर्ण ऐकायचं ते दोघींनी मिळून. शोधताना चिमणी नुसती सुरुवात ऐकायची आणि बंद करायची.

जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गाणारी एका बाजूला आणि वाजवणारे दुसऱ्या बाजूला असतात. त्यामुळे बहुतेक वेळा गाणारी जायची चिमणीच्या कानात आणि वाद्यं आक्काच्या. मग जेवणाच्या सुट्टीत कपड्यांच्या गाठोड्यांवर बसून आक्का डब्याच्या झाकणावर आपला अर्धा भाग वाजवायची, चिमणी आपला अर्धा भाग गायची आणि भोंगा नावाची त्यांची तिसरी मैत्रीण मार्क द्यायची. भोंगा धुण्याच्या ड्रमांवर होती. आवाज फाटका, सूर कधी लागला नाही, पण मार्क देताना परीक्षक व्हायची.

"दहापैकी चार. त्यातले तीन झाकणाला."

शनिवारी सुट्टी व्हायच्या आधी चिमणी आक्काला म्हणाली, "आक्के, परवा असं गाणं आणते की तू रडशील बघ."

"मी? मी माझ्या लग्नात रडले नाही."

"म्हणून तर."

"कुठलं आहे?"

"सुरुवात ऐकली नुसती. सांगत नाही जा."

घंटा झाली. घाईघाईत दोघी आपापला दाणा कानात तसाच ठेवून घरी गेल्या. असं बरेचदा व्हायचं.

रविवारी दुपारी चार वाजता चिमणी गेली.

खुर्चीत बसल्या बसल्या. नवरा ड्रायव्हर, घरीच होता. तो म्हणाला, "चहा टाकू का विचारलं. उत्तर नाही. मला वाटलं, रुसली."

आक्का तिच्या घरी पोचली तेव्हा चिमणीला खाली निजवलेलं होतं. आक्का उशाशी बसली. केस जरा बाजूला झाले होते आणि तिला दिसलं...

डाव्या कानात दाणा होता.

म्हणजे चिमणीने या वेळी सुरुवात ऐकून बंद केलं नव्हतं. एकटीच पुढे ऐकत बसली होती.

कुणाला सांगावं, काढून घ्यावा, असं आक्काच्या मनात आलं. मग वाटलं, राहू दे. तिचा कान, तिचा दाणा. तिने केस होते तसे परत कानावर ओढले. दाणा चिमणीबरोबर गेला. फोन नवऱ्याने बंद करून कपाटात ठेवला, तो आक्काच्या देखत ठेवला.

आक्काला रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

सोमवारी ती कामावर गेली. सुपरवायझर म्हणाला, "रजा हवी का? नात्यातली होती?"

"नाही."

"मग कशी देऊ?"

"मी मागितली कुठे?"

चिमणीच्या जागी त्याने एका नवीला उभं केलं, बाया तिला सूनबाई म्हणायच्या. पंचविशीतली पोरगी, आठ महिन्यांचं बाळ सासूजवळ ठेवून यायची. भिऊन भिऊन टोकं धरत होती. ड्रम सुरू झाले तसा आक्काने सवयीने खिशातला उजवा दाणा काढून कानात घातला. कापसासारखा. आवाज कमी यावा म्हणून.

सव्वानऊ वाजले असतील.

कानात बारीक टुंग झालं...

फोन जोडला गेला की व्हायचं तसं.

आणि गाणं सुरू झालं.

आक्काने ते आधी कधीच ऐकलं नव्हतं. एक तारेचं वाद्य, आणि कशावर तरी तळहात मारल्याचा ठेका. संथ. मध्ये मध्ये वाद्य थांबायचं आणि नुसती जागा मोकळी राहायची. गाणारीची जागा.

तिने दाणा काढून तळहातावर घेतला. त्याचा बारका दिवा बंद. दोन दिवसांत चार्ज केलेला नव्हता. परत कानात घातला.

गाणं पुढे गेलेलं होतं.

"आक्का, टोक..." सूनबाई म्हणाली.

आक्काने टोक धरलं. पुढे चार, मागे चार.

घाबरलीस का, असं मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "नाही. चिमणी सोमवारी आणते म्हणाली होती. आणलं."

जेवणाच्या सुट्टीत तिघी गाठोड्यांवर बसल्या. आक्का, सूनबाई आणि भोंगा. भोंगाने डबा उघडला आणि परत लावला.

"आज सोमवार ना गं," ती म्हणाली.

 आक्काची बोटं आपोआप झाकणावर पडली. सकाळचा ठेका. मोकळी जागा आली तशी ती थांबली...

आणि भोंगा गायली.

सुरात.

शब्द कुठल्या भाषेतले कुणास ठाऊक. आवाज भोंगाचाच, पण फाटलेला नाही. जागा संपली तशी ती थांबली, आक्काने वाजवलं, परत जागा आली, परत ती गायली. सूनबाईचा घास हातातच राहिला.

"काय गं, अशा काय बघताय?" भोंगा म्हणाली.

"हे कुठे ऐकलंस?"

"कुठे म्हणजे? तू वाजवलंस. तोंडात आलं."

"आणि शब्द?"

"कसले शब्द? मी नुसतं आ आ केलं."

आक्काने तेव्हाच थांबायला हवं होतं. हे तिचंच म्हणणं. पण तिला अर्धं गाणं नको होतं. चिमणीने आणलेलं शेवटचं गाणं, ते पुरतं ऐकायचं होतं. आतून लाकूड झालं होतं तिचं, आणि गाणं चालू असेल तेवढाच वेळ त्या लाकडाला काहीतरी लागल्यासारखं व्हायचं. म्हणून मंगळवारी तिने पुन्हा झाकण वाजवलं. बुधवारीही. शनिवारपर्यंत रोज. भोंगा रोज गायली. दहापैकी दहा, असं स्वतःच म्हणून हसली.

रविवारी भोंगा घराच्या पायरीवर नखं कापत बसली होती. तशीच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय.

आक्काने तिच्या मुलाला एकच विचारलं. "किती वाजता?"

"चार वाजता, आक्का. का?"

"काही नाही."

घरी येऊन तिने दाणा शिवणाच्या डब्यात टाकला, वर रिळं ठेवली, डबा माळ्यावर चढवला. सोमवारी इतरांसारखा कानात कापूस घातला. दोन्ही कानांत. गच्च.

काही झालं नाही.

पुढच्या सोमवारीही काही झालं नाही. सूनबाईचा हात बसला होता. दोघींची पावलं आता बरोबर पडत होती. सुपरवायझर म्हणाला, आता चादरींचा आकडा पूर्वीसारखा येतोय.

तिसऱ्या सोमवारी कापसातून आलं...

उजव्या कानात.

दाणा घरी माळ्यावर. फोन ड्रायव्हरच्या कपाटात. आणि तारेचं वाद्य वाजत होतं. गाणं नवीन होतं.

आक्काने कापूस आणखी आत दाबला. आवाज कमी झाला नाही. बोटं हलू नयेत म्हणून तिने चादरीची टोकं मुठीत आवळली. मनात आकडे म्हणायला लागली.

पण चादरीची घडी घालायला चालावं लागतं.

पुढे चार. मागे चार. तिला कळलं तेव्हा उशीर झाला होता. तिची पावलं ठेक्यात पडत होती. आणि समोरून सूनबाईची पावलं तिच्या पावलांवर पडत होती.

वाद्य थांबलं. मोकळी जागा आली.

सूनबाईने तोंड उघडलं...

ड्रमांच्या त्या आवाजात ऐकू येणं शक्य नव्हतं. पण आक्काला पहिला सूर ऐकू आला.

तिने हातातली टोकं सोडली. चार पावलं चालत जाऊन सूनबाईच्या तोंडावर तळहात ठेवला.

"गप्प."

आणि ती जागा रिकामी राहू नये म्हणून आक्का स्वतः गायली.

माझी बहीण. जिने अंगाईसुद्धा कधी म्हटली नाही. शेवटपर्यंत गायली. सूनबाई भिंतीला टेकून बघत होती. गाणं दोन्ही कानांत येत होतं, पुरतं. वाद्यं उजवीकडे, गाणारी डावीकडे. असं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, असं आक्का म्हणाली.

"मग रडू आलं का?" मी विचारलं.

"नाही गं. डोळे कोरडेच. पण चांगलं होतं गाणं."

हे सगळं तिने मला गुरुवारी सांगितलं, आमच्या धाकट्याच्या घरी. एक जुळं तिच्या मांडीवर होतं, दुसरं माझ्या. बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं तिने सांगितलं.

"तू कशाला गायलीस?" मी म्हणाले.

"तिचं पोर आठ महिन्यांचं आहे."

"आणि तुझी?"

"माझी मोठी झाली."

मी तिला रागावले. दोन मैत्रिणी पाठोपाठ गेल्या, कामावर डोकं उठतं, त्यात कानात आवाज येणं काय मोठं, म्हटलं. धाकटाही हसला. "आक्के, तू गायलीस यावरच माझा विश्वास नाही. बाकीचं पटलं." तीही हसली थोडी.

पण रविवारी तिला एकटं सोडायचं नाही, असं आम्ही ठरवलं. सकाळीच तिला धाकट्याकडे आणलं. आम्ही सगळे होतो. मी, धाकटा, त्याची बायको. आक्का खिडकीशी बसली आणि बाळांच्या झबल्यांना बटणं लावायला घेतली. रेडिओ बंद होता. टीव्ही बंद होता. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण कुणी लावला नाही.

साडेतीन वाजले. आक्काने सुईत दोरा ओवला.

पावणेचार. जुळी झोपली.

चार.

 सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. काटा पुढे सरकला. चार वाजून पाच. चार वाजून दहा. धाकटा मोठ्याने म्हणाला, "झालं! सुटलीस, आक्के! आता चहा टाका कुणीतरी!" वहिनी हसत उठली. मी होते तिथेच जमिनीवर बसले. आक्का आमच्याकडे बघत होती. चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही नव्हतं.

"हे घड्याळ बरोबर आहे का रे?" तिने विचारलं.

धाकट्याचा चेहरा उतरला. मलाही तेव्हाच आठवलं. त्याला कामावर रोज उशीर व्हायचा, म्हणून वहिनीने ते घड्याळ मुद्दाम पुढे लावून ठेवलं होतं.

"पंधरा मिनिटं पुढे आहे," वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

आक्काने मान हलवली. सुई झबल्याला टोचून ठेवली, कुणाला लागू नये अशी. मग तिने मान जराशी उजवीकडे कलती केली. शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारली की आपण करतो तशी.

खोलीत काहीच वाजत नव्हतं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. मला काही ऐकू आलं नाही.

हे सांगायचं कारण एवढंच, की त्यानंतर मला वाद्यं चालत नाहीत. कुणी टेबलावर बोटं वाजवली आणि मध्येच थांबलं, तर मी उठून बाहेर जाते. लोक म्हणतात, हिचं वय झालं. सूनबाई अजून त्याच लाँड्रीत आहे. तिचा मुलगा आता शाळेत जातो. ती मला भेटली की आक्काचा विषय काढत नाही, मीही काढत नाही.

आक्का त्या रविवारी गेली. दुपारी चार वाजता.