फ्रिज विकणे आहे

"फ्रिज बघायला आलोय," तो म्हणाला.

सहा मजले चढून आला होता बिचारा. वीज नव्हती, म्हणून लिफ्टही नव्हती. दाराची चौकट धरून धापा टाकत होता. केसांत लाकडाचा भुसा, कानावर पेन्सिल.

"या ना," मी म्हटलं. "माझ्या खोलीत आहे."

"खोलीत?" तो जरा थबकला. "स्वयंपाकघरात नाही?"

"स्वयंपाकघरात वाजवला तर आई मला घरात ठेवेल का?"

"म्हणजे... आवाज करतो वाटतं?"

"करतो म्हणजे! तेवढंच तर काम आहे त्याचं. खालच्यांच्या कपबशा नाचतात."

"अरे देवा. बिघडलाय का?"

"बिघडेल कशानं? जितका जोरात, तितका गोड."

"आणि... थंड?"

"थंड आवाज हवा असेल तर दुसरीकडे बघा. याचा आवाज उबदार आहे."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं – वेड्या माणसाशी गोड बोलावं ना, तसं. मग हळूच विचारलं, "अँपिअर किती ओढतो?"

"काहीच नाही. याला प्लगच नाही."

"उबदार आवाजाचा, बिनप्लगचा फ्रिज," तो स्वतःशीच म्हणाला, आणि दाराकडे एक पाऊल मागे सरकला. तेवढ्यात मी पेटीवरची चादर ओढली.

माझ्या उंचीची काळी पेटी. जाळीच्या कापडामागे दोन-दोनच्या चार रांगांत आठ स्पीकर. बेस गिटार वाजवणारी माणसं या पेटीला फ्रिज म्हणतात, कारण आकार तसाच आणि उचलताना शिव्याही तशाच निघतात. आमच्यात सगळे असंच म्हणतात हो! पण मी चिठ्ठी लावली होती अबू इल्यासच्या किराणा दुकानात, लबने म्हणजे आमचा दह्याचा चक्का, त्याच्या आणि ऑलिव्हच्या बरण्यांमध्ये – 'फ्रिज विकणे आहे. काळा, दणकट. सहावा मजला.' उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, तसं माझं लिहिणंही.

आधी तो हसला. मग मी. मग दोघांनाही थांबता येईना, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "रुबा! कोण आहे गं?"

"फ्रिजवाला!"

डोळे पुसत त्याने विचारलं, "मग जाताय कुठे? कॅनडा की दुबई?"

हा प्रश्न बैरूतमध्ये कुणीही विचारेल. आमच्याकडे ज्याला देश सोडून जायचं असतं तो फ्रिज विकतो आणि ज्याला राहायचं असतं तो फ्रिज घेतो. मला हे उशिरा कळलं. आमच्या बँडचा ड्रमर फादी – बँडचा आणि, सांगूनच टाकते, माझाही – मागच्या वर्षी फ्रिज विकत होता. मला वाटलं, मोठा घेणार असेल, आम्हा दोघांसाठी. तो पंधरा दिवसांत मॉन्ट्रियालला गेला. या पेटीचं दुसरं टोक तोच उचलायचा.

"मी कुठेही जात नाहीये," मी म्हटलं. बहुतेक जरा जोरातच म्हटलं.

"छान," तो म्हणाला. "मीही नाही. मी जाद. तिसऱ्या मजल्यावर राहायला आलोय. स्वयंपाकघराची कपाटं बनवतो."

एवढं बोलून जायचं की नाही? पण गडी पेटीपाशी उकिडवा बसला आणि बोटांनी लाकूड वाजवून बघायला लागला. इथे टकटक, तिथे टकटक.

"मध्ये फळी आहे," तो म्हणाला. "बरोबर अर्ध्यावर. हे एक कपाट नाहीये. दोन कपाटं एकावर एक ठेवलीत. विकताय कशाला?"

मग मी सगळं सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. चार आठवड्यांनी बत्रूनला समुद्राकाठी कार्यक्रम होता. समर नावाची एक गायिका नवा बँड बांधत होती, पाच बायकांचा, आणि तिची अट एकच – जी आपलं सामान आपण उचलेल, तीच माझ्या बँडमध्ये. व्हॅनमध्ये माणशी एक पेटी. त्या दिवशी जमलं तर कायमची जागा, नाही तर नमस्कार. फादी गेल्यापासून माझे तीन कार्यक्रम बुडाले होते. हाही बुडाला असता तर मी गिटार भिंतीला टांगून मोकळी झाले असते.

"आणि याच्यात वाजतं कसं?"

"वाजवतो तो अँप. हा." मी वहीएवढा अँप दाखवला. आधी माझ्याकडे जुना, काचेच्या नळ्यांचा होता. तो लावला की वीज गेल्यावर चालणारं आमचं जनरेटरचं पाच अँपिअरचं कनेक्शन ढुस्स व्हायचं आणि आई हातात मेणबत्ती घेऊन माझ्या दारात उभी! म्हणून तो देऊन हा हलका घेतला. पण पेटी मात्र तीच राहिली होती.

"वाजवा ना."

तेवढ्यात वीज आली, जणू त्यानेच बोलावली. मी खालची तार छेडली. जादने जाळीवर तळहात ठेवला आणि ठेवूनच राहिला. डोळे मिटून म्हणाला, "हे कानाला कमी आणि... इथे जास्त ऐकू येतं." छातीवर बोट. पहिल्यांदा बेस ऐकणारे सगळे असंच म्हणतात. पण त्याच्या पापण्या थरथरत होत्या, आणि मी उगाच एक सूर जास्त वाजवला.

"आठ तोंडं कशाला?" डोळे उघडून त्याने विचारलं.

"एकट्याच्या आवाक्यातलं काम नाही म्हणून."

"मग विकू नका," तो म्हणाला. "कापू या."

*

त्याच्या कारखान्यात करवतीचं पातं पेटीला लागलं तेव्हा मी खरोखर किंचाळले. त्याने करवत थांबवली, वळून बघितलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "पेशंटच्या नातेवाइकांनी बाहेर थांबावं."

"नातेवाईक नाही, मालकीण आहे मी!"

"मग मालकीणबाईंनी कॉफी करावी."

अहो-जाहो कधी गळून पडलं ते आठवत नाही. बहुधा तारांच्या दिवशी. मी तारांना डाख देऊन जोडत होते आणि तो डोकं माझ्या डोक्याजवळ आणून बघत होता.

"ओहम म्हणजे काय गं?"

"अँपला पेटी किती अडवते, ते. अर्धी पेटी आठ ओहम. दोन्ही अर्ध्या जोडल्या की चार."

"आठ आणि आठ सोळा होतात. कपाटवाला असलो तरी एवढं येतं."

"इथे नाही होत. इथे दोघं मिळून ओझं वाटून घेतात, म्हणून अडवणं निम्मं होतं. एकीवर अँप निम्म्या जोरानं बोलतो. दोन्ही जोडल्या की पोटातून बोलतो."

"हं," तो म्हणाला. "आवडलं मला हे गणित."

"गणितच बघ. माझ्याकडे नको बघूस, डाख चुकेल."

"मी गणितच बघत होतो."

खोटारडा.

हँडल बसवायच्या आधी त्याने माझा हात कागदावर पालथा ठेवला आणि कानावरची पेन्सिल काढून बोटांभोवती फिरवली. सावकाश. करंगळीपाशी पेन्सिल अडखळली. पहिल्या अर्ध्या पेटीचं हँडल माझ्या मुठीत असं बसलं की मी ती एकटीने उचलली, कारखान्याला एक फेरी मारली आणि त्याच्या पायावर ठेवता ठेवता राहिले.

दुसरीचं हँडल मात्र मोठं निघालं. माझी बोटं त्यात सैल पडत होती.

"हे कुणाच्या मापाचं?" मी विचारलं.

तो भुसा झाडायला लागला. अर्धा तास झाडत होता.

इकडे त्याचं फ्रिज घेणं काही होईना. तोवर त्याचं लबने, अंडी, काकड्या, सगळं आमच्या फ्रिजमध्ये! आईने त्याला वरून दुसरा कप्पा देऊन टाकला. रोज सकाळी तीन मजले चढून यायचा, लबने घ्यायचा, तिथेच उभ्याने खायचा आणि आईच्या हाताची कॉफी पिऊन जायचा.

"फ्रिज घेतलास का?" मी रोज विचारायचे.

"बघतोय."

"फ्रिजला एवढं काय बघायचं?"

"तुझ्यासारखी विकणारी भेटली की माणूस सावध होतो."

मी हसायचे. पण मनात दिवस मोजायचे. महिना होत आला... राहणाऱ्या माणसाला फ्रिज घ्यायला महिना लागतो?

*

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी पाव आणायला अबू इल्यासकडे गेले. व्हॅनमध्ये माझी एकच पेटी जाणार, म्हणून दुसरी अर्धी जाद दुपारी पिकअपमधून बत्रूनला आणणार होता. गल्लीतला जनरेटरही त्याचाच. कोण किती अँपिअर वापरतं, कोणाचं कोणाशी जमतंय, सगळं त्याला पाठ. पाच अँपिअर एकट्याला, दहा संसाराला, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

"जाद दिसला का?"

"पहाटेच गेला पोरी, पिकअप घेऊन. तुझी ती अर्धी पेटी मागे बांधली होती. कुठे जातोस विचारलं तर हसला नुसता." मग त्याने गल्ल्याखालून एक लिफाफा काढला. "आणि हे काल आलं त्याच्यासाठी. वाचून इथेच विसरला."

लिफाफ्यावर कॅनडाचा शिक्का होता. मॉन्ट्रियाल.

मी लिफाफ्याला हात लावला नाही. मी पाव घेतला, चिल्लर घ्यायला विसरले आणि जिना चढताना मोजत गेले... एक, दोन, तीन. तिसऱ्या मजल्यावर त्याच्या दारासमोर मिनिटभर उभी राहिले. रडू आलं. राग आला, मग रडू आल्याचा राग आला. एकदा हात पोळला, तरी तव्यावर पुन्हा हात! जा म्हटलं. जा तूही. माझा अर्धा मला उचलता येतो.

समरची व्हॅन आली तेव्हा मी माझी पेटी एका हाताने उचलून आत ठेवली. समरने भुवया उंचावल्या. "शाब्बास," म्हणाली. "आणि तुझा तो दुसरा अर्धा?"

"येईल. किंवा नाही येणार."

पाच वाजता बत्रूनच्या जुन्या दगडी भिंतीपाशी आम्ही सुरू केलं. समोर लिंबू सरबताचे ग्लास हातात धरलेली माणसं, मागे समुद्र. मोकळ्या जागेत बेसला खोलीसारख्या चार भिंती मिळत नाहीत. जो सूर काढावा तो लाटाच पिऊन टाकतात. दुसऱ्या गाण्यात समरने बोट वर केलं – वाढव. मी वाढवला. तिसऱ्यात पुन्हा बोट. आता वाढवायला काही उरलं नव्हतं. मी बोटं रेटून वाजवत राहिले, एक ठेका चुकला नाही. लाज राखली. पण पोट भरत नव्हतं कुणाचंच, हे मलाही कळत होतं.

पाचव्या गाण्यानंतर सुट्टी. समर माझ्याजवळ आली. "वाजवतेस छान, रुबा. पण मला हे पायाखाली जाणवायला हवं."

मी मान हलवली.

तेवढ्यात हॉर्न. लांबलचक, निर्लज्ज हॉर्न. गल्लीच्या तोंडाशी जादची पिकअप उभी होती आणि तो खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हात हलवत होता. मी धावले. मागे माझा काळा अर्धा होता. आणि त्याच्या शेजारी, दोराने आवळलेला, पांढराशुभ्र, दोन दारांचा...

"हे काय आहे?"

"फ्रिज," तो म्हणाला. घामाने निथळत होता. "थंड. प्लगवाला. जुबैलचं एक कुटुंब चाललंय ऑस्ट्रेलियाला, त्यांचा. चौथ्या मजल्यावरून उतरवायला चार माणसं लागली, म्हणून उशीर. रुबा, रागवू नकोस –"

"कुणाचा आहे?"

"माझा. कुणाचा म्हणजे?"

"आणि कॅनडाचं पत्र?"

त्याचा चेहरा उतरला. "भावाचं. कागदपत्रं तयार आहेत, ये म्हणतोय. गेले दोन महिने तेच म्हणतोय. काल रात्री फोन करून नाही म्हणून सांगितलं. तुला आधी सांगितलं असतं तर... तर तुला वाटलं असतं, आज ना उद्या हाही जाणार. म्हटलं, तोंडानं नको. आधी फ्रिज घेऊ, मग बोलू."

मला हसूही येईना, रडूही येईना. मी त्याच्या छातीवर एक गुद्दा मारला. चांगला मारला.

"महिन्याभरापूर्वीच घ्यायचा होतास की!"

"मग लबने खायला वर कुठल्या तोंडानं आलो असतो?"

"रुबा!" समर ओरडली. "पाच मिनिटं!"

मोठं हँडल त्याच्या मुठीत बरोबर बसलं. त्याने पेटी उचलली आणि माझ्या पेटीवर आणून ठेवली. मधला काप आता दिसतही नव्हता. वायर घेऊन तो वाकला तशी मी ओरडले, "आधी अँप बंद करू दे, गाढवा!"

"हो, मालकीणबाई."

सुट्टीनंतरचा पहिला सूर मी अगदी हळू छेडला. पायाखालची फरशी गुरगुरली. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या गृहस्थाने सरबताचा ग्लास घट्ट धरला. समर माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. पाठमोरीच राहून तिने अंगठा वर केला, आणि मला जागा मिळाली हे मला कळलं. जाद पेटीशेजारी उभा होता. त्याने लाकडावर तळहात ठेवला होता.

परतताना आम्ही पिकअपमध्ये पुढे बसलो होतो. मागे तीन पेट्या म्हणा किंवा दोन फ्रिज, एकमेकांवर आदळत होते.

"एक अडचण आहे," मी म्हटलं. मला काहीतरी बोलायचंच होतं. "तुझा हा फ्रिज आणि माझा तो तुझ्याकडे आला की त्याचा अँप... एकदम लावले तर पाच अँपिअरमध्ये चालायचे नाहीत."

जादने गाडी हळू केली. कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली.

"मग..." तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "मग दहा घेऊ?"

मी खिडकीबाहेर बघितलं. समुद्र अजून उजेडात होता. मी हात लांब करून त्याच्या केसांतला भुसा झाडला, आणि तो काही सगळा निघेना.

"अबू इल्यासला तूच सांग," मी म्हटलं. "दहा ऐकलं की तो सकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगेल."