तलवारीचं लाल पान

त्या गजूला वळण म्हणून नव्हतं. जिजींनी संध्याकाळी काचेच्या टाकीत रोप नीट लावायचं आणि सकाळी या यंत्रमानवानं ते बोटभर वर ओढून ठेवायचं, असं तीन दिवस चाललं होतं. वर रोज दोन पानंही कापायचा!

"चाळीस वर्षं केळीची बाग लावली मी," जिजी कडाडल्या. "कंद चांगला खोल गाडायचा असतो. मला शिकवतोस होय रे, पत्र्या?"

नात केतकी रडकुंडीला आली होती. तलवारीसारख्या लांब पानांची ही पाणवनस्पती, तिच्या शाळेची. चंद्रावरच्या वसाहतीतल्या मुलांच्या मत्स्यालयात ती वनस्पती जाणार होती आणि माळी म्हणून गजूही. पण महिन्याभरात पाण्याखाली नवं लाल पान फुटलं तरच. इथे तर होती ती पानं कुजत होती.

"जिजी, ही पानं रोपवाटिकेत हवेत वाढली," गजू म्हणाला. "हवेतल्या पानावर मेणाचा जाड थर असतो. अन्न बनवायला लागणारा, पाण्यात विरघळलेला वायू त्यातून आत शिरत नाही, पान उपाशी मरतं, म्हणून मी ती कापतो. मग रोप पाण्याजोगं पातळ पान काढतं, आणि ते फुटतं गाभ्यातून (मुळांच्या वरचा, पानं फुटण्याचा भाग). गाभा वाळूत गाडला तर कुजेल."

जिजींनी चष्मा चढवला. गाभ्याची कड तपकिरी पडली होती. त्यांनी बोटानं वाळू हळूच बाजूला सारली. त्यांच्या घरात याला माफी म्हणत.

दहा दिवसांत नवी पानं आली, पण फिकट पिवळी. काचेवर मात्र शेवाळ माजलं. गजू रोज पाण्यात थेंब थेंब खत सोडत होता.

"ए शहाण्या, इकडे बघ," जिजी म्हणाल्या. काचेच्या तळाशी पांढऱ्या मुळ्या टाकीच्या पार दुसऱ्या टोकाला पोचल्या होत्या. "एवढ्या मुळ्या काय शोभेला वाढवल्यात तिनं? जेवायला बसलीय खाली, आणि तू वरून शिंतोडे मारतोस. ते सगळं शेवाळ गिळतंय!"

गजूनं निळे डोळे दोनदा मिचकावले. "खरं आहे. हिची भूक मुख्यतः मुळांना. आणि ही धुतलेली वाळू, तिच्यात काहीच नाही. चूक माझी."

"मग ऊठ!"

गजूनं खत आणि लोह मोजून दिलं, जिजींनी ते चिकणमातीत मळून करवंदाएवढ्या गोळ्या केल्या, केतकीनं त्या मुळांजवळ खुपसल्या.

"लोह कशाला?"

"हरितद्रव्य (उजेड पकडणारा पानातला हिरवा पदार्थ) बनवायला, केतकी. ते पुरेसं असलं की पान जोमानं अन्न तयार करतं. पोट भरलेलं रोप प्रखर उजेडात लाल रंगद्रव्यही भरपूर बनवतं. म्हणून दिवाही वाढवतो."

सत्ताविसाव्या दिवशी गाभ्यातून गुंडाळलेलं टोक वर आलं आणि उलगडलं. डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल, उजेड आरपार जाईल इतकं पातळ. जिजी कितीतरी वेळ पाहतच राहिल्या.

"आता चंद्रावर लाल बाग!" केतकी नाचली.

जाण्याच्या दिवशी जिजींनी मातीच्या गोळ्यांचा डबा गजूच्या हातात कोंबला.

"गाभा उघडा ठेवायचा हे तू मला शिकवलंस, ते मी गावभर सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तिथं कुणी तुला पत्र्या म्हणालं, तर ठणकावून सांग, जिजीच्या हाताखाली तयार झालेला माळी आहे मी!"