ट्रेलरचे मागचे दिवे

यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे, शपथेवर सांगतो. म्हणजे एक भाग सोडून. तो कुठला ते शेवटी सांगेन, तोवर उगाच तोंडं वाकडी करू नका. पूर्वी ही गोष्ट सांगताना मी मुसळधार पाऊस घालायचो, रात्र घालायचो, एक घुबडही होतं. आता वय झालं, घुबड आवरत नाही. पाऊस नव्हता. टळटळीत दुपार होती, आणि मी एक ट्रेलर भाड्याने आणला होता.

ट्रेलर कशाला, तर आमची ट्रॅकवरची गाडी न्यायला. मी आणि माझा साडू, आम्ही दोघांनी मिळून एक जुनी लाल गाडी सहा वर्षं खपून तयार केली होती. आतल्या सीटा काढल्या, लोखंडी पिंजरा घातला, सायलेन्सर असून नसल्यासारखा. अशी गाडी रस्त्यावर चालवायची परवानगी नसते, तिला पाठीवर घेऊनच न्यावं लागतं. चालवायचो मी. इंजिन साडूचं. एकदा मलाही चालवू दे, असं तो दरवर्षी म्हणायचा, आणि मी दरवर्षी पुढच्या वेळी म्हणायचो. हे आपलं जाता जाता सांगितलं.

ट्रेलर द्यायच्या त्या मावशी गावाबाहेर एका पत्र्याच्या आवारात बसत. चष्मा कपाळावर आणि आवाज खर्जातला. त्यांचा एक नियम होता: ट्रेलर एकट्या माणसाला द्यायचा नाही. दोघं हवेत. एकानं पुढे बसून ब्रेकवर पाय दाबायचा, दुसऱ्यानं मागे उभं राहून दिवे बघायचे. मागच्या माणसाचा शब्द तो शेवटचा. तो नाही म्हणाला तर चाक हलवायचं नाही.

त्या दिवशी साडूला ताप होता. सकाळीच त्याचा फोन आला, आवाज बसलेला, म्हणे अंगात कणकण आहे. मी मावशींना थाप मारली, साडू गाडीत झोपलाय म्हणून. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, पण ट्रेलर दिला.

ट्रेलर जुना होता. लाकडी फळ्यांना कुबट, ओल्या गोणपाटाचा वास, आणि त्याखाली ग्रीसचा. आमच्या शेडपाशी आणून मी लाल गाडी हातरहाटानं वर ओढली, चारही चाकांना पट्टे आवळले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शेजारच्या गिरणीचा पट्टासुद्धा बंद. शेडच्या दाराशी लावायला सोडलेला ट्रेलर मी ओढायच्या गाडीमागच्या गोळ्यावर पुन्हा जोडला; त्या जोडणीचं कुलूप उघडू नये म्हणून त्यात खिट्टी घालतात. गाडीत बसलो आणि सवयीनं खिडकीतून ओरडलो, "खिट्टी?"

"बसली," मागून उत्तर आलं.

साडूचा आवाज. मला वाटलं, ताप उतरला, आला बेटा. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"ब्रेक?" मी विचारलं, आणि पाय पेडलकडे नेला.

"लागला."

तुमच्या लक्षात आलं का? माझ्या नाही आलं, निदान लगेच. पाय पेडलला टेकायच्या आधीच उत्तर आलं होतं.

"डावा?" "लागला." "उजवा?" "लागला." दोन्ही वेळा माझा हात अजून इंडिकेटरच्या दांड्याकडे जातच होता. मग मात्र खटकलं. उतरून मागे गेलो. गल्ली रिकामी. उन्हात ट्रेलरची सावली, माझी सावली, बस्स. हाक मारली, "साडूभाऊ…" गिरणीच्या पत्र्यावरून माझाच आवाज परत आला.

शहाणा माणूस तिथेच ट्रेलर सोडून घरी गेला असता. पण दुसऱ्या दिवशी शर्यत, नाव नोंदलेलं, आणि उन्हानं भास होतात हे मी स्वतःलाच पटवलं. निघालो.

चाळीसेक किलोमीटरवर डोंगर लागतो आणि डोंगरात बोगदा. लांब आहे, दीड-एक किलोमीटरचा, आत वळण, त्यामुळे या तोंडाशी उभं राहून त्या तोंडाचा उजेड दिसत नाही. अलीकडे थांबायला एक कोपरा आहे आणि पाटी: दिवे लावा. मालाचे ट्रक तिथून सुसाट सुटतात, एकामागून एक, आणि आत शिरताच गिळल्यासारखे नाहीसे होतात. बोगद्यातून गार वारा येत होता. त्याला दगडाचा वास होता, आणि साठलेल्या धुराचा.

मी कोपऱ्यात थांबलो. एकट्या माणसाला मागचे दिवे बघता येत नाहीत. इतर वेळी मागच्या भिंतीवर लाल उजेड पडतो का ते आरशात बघता येतं, पण त्या उन्हात कसला उजेड. काच खाली होती. आणि मी, काय सुचलं कोण जाणे, चेष्टेनंच म्हणालो, "काय राव, ब्रेक?"

पाय दाबून धरला होता. एक ट्रक गेला, गाडी हलली.

"नाही लागत."

हा साडूचा आवाज नव्हता. ओळखीच्या कुणाचाच नव्हता. सावकाश, नीट बघून बोलल्यासारखा. भीती घालायचा त्यात काही प्रयत्न नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

तरी हात आपोआप दांड्याकडे गेला. "डावा…?"

"नाही."

तिसरं मी विचारलंच नाही. त्यानंच सांगितलं.

"खिट्टी पण बघ…"

मग दार उघडून, गाडीला हात लावत लावत, आंधळ्यासारखा मागे गेलो. कुणी नव्हतं. दिव्यांची वायर जोडणीतून निसटून रस्त्यावर घासत आली होती, तिचं टोक झिजून तांबं उघडं पडलेलं. मागचा एकही दिवा लागत नव्हता. आणि खिट्टी? खिट्टी आपल्या छोट्या साखळीला बाजूला लोंबत होती. ती कधी बसवलेलीच नव्हती. कुलपाची दांडी वर आलेली, आणि अख्खा ट्रेलर, त्यावर आमची सहा वर्षं, गोळ्यावर नुसता टेकून चाळीस किलोमीटर आला होता. आणखी एक खड्डा पुरला असता. किंवा बोगदाच पुरला असता. आत अंधार, मला मागे एक दिवा नाही, आणि पाठीमागून ट्रक.

आधारासाठी मी ट्रेलरच्या मागच्या फळीवर हात टेकला. उन्हानं फळी चटका बसेल इतकी तापली होती. फक्त एका जागी, माणूस बसेल एवढ्या रुंदीत, गार होती.

तारा सोलून, चिकटपट्टी गुंडाळून दिवे चालू केले, खिट्टी ठोकून बसवली आणि कसाबसा ट्रॅकवर पोचलो. तिथे शिरताच पहिलं काय दिसलं, तर शर्यतीतल्या दुसऱ्या, निळ्या जॅकीटवाल्या टोळीच्या गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय. ते बूट मी ओळखतो, माझ्याच बायकोनं बहिणीच्या नवऱ्याला दिलेले. साडू सरकत बाहेर आला. अंगात निळं जॅकीट, पाठीवर त्यांचा आकडा.

"ताप?" मी विचारलं.

"उतरला," तो म्हणाला, आणि हात पुसत राहिला. आता तो त्यांच्याकडेच असणार होता. त्यांनी त्याला चालवायलाही द्यायचं कबूल केलं होतं. मला सांगणार होता म्हणे, पण वेळ मिळाला नाही.

ट्रेलर परत केला तेव्हा मावशींनी वायरीची चिकटपट्टी बघितली. एवढंच विचारलं की दोघं होता ना. मी म्हटलं, हो, होतो दोघं.

तर आता कबुली.

ताप नव्हता. फोन आला नव्हता. मावशींना मी थाप मारली नाही, कारण साडू खरंच माझ्या शेजारी बसलेला होता. शेडपाशी ट्रेलर जोडला त्यानं, आणि ट्रेलरमागे उभाही तोच होता. अर्धं लक्ष मोबाइलमध्ये, निळ्यावाल्यांचा निरोप यायचा होता ना. पाय दाबायच्या आधी जी उत्तरं आली ती त्याच्याच तोंडून आली. बसली, लागला, लागला, लागला. मग म्हणाला, तू हो पुढे, मी मोटरसायकलवर आलोच. ट्रॅकवर मी त्याला विचारलं ते तापाचं नाही. मी विचारलं, "तू बघितलं होतंस?" आणि तो म्हणाला, "त्यात बघायचं काय, नेहमी लागतातच."

गल्लीतलं भूत मी घातलं, कारण दोघी बहिणी एका घरात वाढलेल्या. सणावाराला सगळे एकत्र जमतो, गोष्ट सांगावीच लागते, आणि साडू समोरच बसलेला असतो. भुतानं फसवलं म्हटलं की सगळे हसतात. तो सर्वांत मोठ्यानं हसतो.

पण बोगद्याजवळचं मी घातलेलं नाही. ते घालायला मला सुचलंही नसतं.

त्यानंतर मी एकटाच जातो. मावशींना कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही, आणि देतात तोच ट्रेलर. मी पुढे बसून विचारतो, मागून उत्तर येतं. नीट बघून येतं. चार वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. गेल्या महिन्यात सगळे दिवे लख्ख लागले, खिट्टी बसलेली, आणि मी गिअर टाकणार तोच मागून, पहिल्यांदाच न विचारता, आवाज आला.

"पुढे बसू का…?"

मी हो म्हणालो. साडूची जागा तशीही रिकामीच असते. रस्ताभर शेजारून एक शब्द नाही. फक्त वळण आलं की सीट जरा करकरायची, माणूस तोल सावरताना करकरते तशी.